वाट पुसताना

महाविद्यालयात शिकवणाऱ्या कोणालाही ‘प्रॉक्सी’ या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. हजेरी घेताना सत्ताविसाव्या क्रमांकाला मागच्या बाकावरून जो ‘यस सर’ येतो, तो सत्ताविसाव्याच्याच घशातून आलेला असेल असे नाही, हे गृहीत धरूनच आपण मस्टरवर खूण करीत असतो. इंग्रजीत ‘प्रोक्युरसी’ हा लांबलचक शब्द बोलण्यात झिजत झिजत ‘प्रॉक्सी’ झाला. मूळ लॅटिन अर्थ दुसऱ्याच्या वतीने कामकाज पाहण्याचा. आपल्याकडे या अर्थाच्या शब्दांची वाण कधीच नव्हती. मुखत्यार आहे, वकील आहे, अडत्या आहे, कारभारी आहे. मात्र प्रत्येकाची छटा वेगळी. मुखत्याराजवळ कागद असतो, अडत्याची अडत ठरलेली असते, आणि मागच्या बाकावरच्या त्या मित्राजवळ मैत्रीखेरीज काहीच नसते. कोणाच्या वतीने कोण बोलतो आहे आणि त्याला तो अधिकार कोणी दिला, हा प्रश्न या सगळ्या शब्दांच्या मुळाशी आहे.

ज्या वरठीत मी राहतो, त्या गावाचाही या प्रश्नाशी जुना संबंध आहे. हावडा-नागपूर-मुंबई या मार्गावरचे आमचे स्थानक ‘भंडारा रोड’ या नावाने ओळखले जाते. भंडारा शहर येथून दहाबारा किलोमीटर दूर. १८८० च्या दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वेने हा मार्ग घातला, १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन होऊन तो तिच्याकडे गेला, पण रूळ काही जिल्ह्याच्या गावाला शिवले नाहीत. तेव्हापासून भंडाऱ्याच्या वतीने वरठी हजेरी देत आली आहे. पहाटे उतरणारा नवखा प्रवासी फलाटावर ‘भंडारा’ वाचून निर्धास्त बाहेर येतो आणि ऑटोवाला भाडे सांगू लागला की मग त्याला कळते, आपण भंडाऱ्याच्या दारात उतरलेलो नसून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी उतरलो आहोत. नावात तो ‘रोड’ आहे म्हणून रेल्वेला खोटे बोलल्याचा दोष मात्र देता येत नाही.

संगणकाच्या जगातला प्रॉक्सी यापेक्षा फार वेगळा नाही. कार्यालयातले दहावीस संगणक बाहेरच्या जाळ्याशी थेट न बोलता एका मधल्या यंत्राशी बोलतात. ते यंत्र त्यांच्या वतीने बाहेर जाते, हवे ते पान आणते आणि ज्याचे त्याला देते. एकदा आणलेले पान ते जवळ ठेवूनही घेते. दुसऱ्याने तेच मागितले की बाहेर न जाता जवळचेच काढून देते. उच्च शिक्षणात माहिती-तंत्रज्ञान आणण्याचे राष्ट्रीय अभियान २००९ साली सुरू झाले, त्या सुमारास विदर्भातल्या लहान महाविद्यालयांना जाळ्याची जोडणी मिळू लागली. संगणक पुष्कळ आणि धार बारीक, अशा त्या काळात या साठवणुकीचे मोल मोठे होते. पुढे बहुतेक संकेतस्थळे कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक रूपात, मजकूर पाठवू लागली. बंद लखोट्यातले काय साठवून ठेवणार? तेव्हा मध्यस्थाचे ते काम जवळजवळ संपले आणि पहाऱ्याचे तेवढे उरले. काम संपले तरी पद उरते, हा अनुभव आपल्या व्यवस्थेत काही केवळ यंत्रांपुरता नाही.

आता प्रश्न असा की, मध्यस्थ कोठे बसतो हे प्रत्येक संगणकाला कोणी सांगायचे? प्रत्येकावर हाताने पत्ता लिहून ठेवता येतो, पण मध्यस्थाने बिऱ्हाड बदलले की सगळ्यांकडे पुन्हा फिरणे आले. यावर नेटस्केप कंपनीने १९९६ मध्ये तोडगा काढला. एका लहानशा फायलीत जावास्क्रिप्ट भाषेतले एकच सूत्र लिहून ठेवायचे. ब्राउझर प्रत्येक पत्त्यासाठी त्या सूत्राला विचारतो, ‘येथे जायचे आहे, कसे जाऊ?’ आणि सूत्र उत्तर देते: अमक्या मध्यस्थामार्फत जा, किंवा ‘डायरेक्ट’, म्हणजे थेट जा. पुढे त्या फायलीचा तरी पत्ता हाताने का लिहावा, असे वाटून इंकटोमी, मायक्रोसॉफ्ट, रिअलनेटवर्क्स आणि सन या कंपन्यांनी १९९९ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. संगणकाने स्वतःच जाळ्यात हाक द्यावी, ‘वाट सांगणारे कोणी आहे का?’ आणि जे उत्तर येईल ते घ्यावे. या पद्धतीचे आद्याक्षरी नाव ‘डब्ल्यूपॅड’. तिचा मसुदा त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुदत संपून बाद झाला, प्रमाण म्हणून तो कधीच मंजूर झाला नाही. पण तोवर ती इंटरनेट एक्स्प्लोररच्या पाचव्या आवृत्तीत शिरली होती, आणि पुढे जगभरच्या संगणकांत ‘सेटिंग आपोआप शोधा’ अशा निरुपद्रवी शब्दांत नांदत राहिली.

हे सारे मला कळण्याचे कारण शिष्यवृत्ती. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे अर्ज आता ‘महाडीबीटी’ या शासकीय संकेतस्थळावर भरले जातात. विद्यार्थ्याने अर्ज भरला की तो महाविद्यालयाच्या लिपिकाकडे येतो, तपासून प्राचार्यांकडे जातो आणि मग पुढे सरकतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयातले सहाही संगणक रुसून बसले. बाहेर व्हरांड्यात मोहाडीकडून बसने आलेल्या मुली त्रुटी काढून परत आलेले अर्ज दुरुस्त करायला बसून होत्या. यांतल्या बऱ्याच जणी धानाच्या रोवणीला नि कापणीला आईबरोबर मजुरीने जाणाऱ्या. ही रक्कम त्यांच्यासाठी वरखर्चाची नसते. ती आली नाही तर पुढचे वर्ष राहते, आणि मुलीचे राहिलेले वर्ष बहुधा कायमचेच राहते.

‘सर, नेट चालूनच नाही राहिलं जी,’ असे लिपिक सांगत आले तेव्हा मराठीच्या माणसाकडे का, असा प्रश्न वाचकांना पडेल. संगणक पाहणाऱ्या कंत्राटी तरुणाचे कंत्राट संपले होते, आणि युनिकोडमध्ये मराठी टंकता येणारा मनुष्य आमच्याकडे संगणकतज्ज्ञ समजला जातो. सोबत गणिताचे एक सहकारी होते. विद्येपेक्षा त्यांच्याजवळ धीर अधिक होता, आणि त्या दिवशी तोच उपयोगी पडला.

प्रथम सर्वांचे एकमत असे की ब्रॉडबँड बंद आहे. पण मुलींचे मोबाइल महाविद्यालयाच्याच वायफायवर सुरळीत चालत होते. म्हणजे पाणी विहिरीत होते, पोहऱ्यात येत नव्हते. लिपिकांनी स्वतःचा फोन तारेने एका संगणकाला जोडला तेव्हा, जरा थांबून का होईना, त्यावर शिष्यवृत्तीचे स्थळ उघडले. म्हणजे तो संगणकही निरोगी होता. विद्यापीठाचे संकेतस्थळ मात्र सहाही संगणकांवर महाविद्यालयाच्याच जोडणीतून उघडत होते, बाकी कोणतेच नव्हते. आणि हिशेबाच्या खोलीतल्या सातव्या संगणकावर क्रोम चालत नसताना फायरफॉक्समध्ये सगळे काही दिसत होते.

येथे माझे शिक्षण कामी आले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण ओळखीच्या प्रदेशात आल्यासारखे वाटले खरे. पाठचिकित्सेचे काम असेच चालते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढेही पाठभेद झालेल्या प्रतीच होत्या. मूळ कोणी पाहिलेले नाही. साक्षी अनेक आहेत. कोणती साक्ष कोठे जुळते, कोठे फुटते, आणि फुटते तेथे तिच्यात इतरांहून वेगळे काय आहे, एवढेच विचारत जायचे. आमच्या साक्षी पुढे मांडल्या तर निष्कर्ष एकच निघत होता. मोबाइल बहुधा कोणाला वाट विचारत नाही. फायरफॉक्सला स्वतःचे वेगळे सेटिंग ठेवता येते, आणि त्या संगणकावर कोणीतरी त्यात ‘प्रॉक्सी नको’ असे ठेवले होते. क्रोम आणि एज मात्र विंडोजने सांगितलेली वाट धरतात. तेव्हा दोष जाळ्यात नव्हता, यंत्रातही नव्हता. दोष सांगितल्या गेलेल्या वाटेत होता.

विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘नेटवर्क’ आणि त्याखाली ‘प्रॉक्सी’ असे एक पान आहे. तेथे ‘सेटअप स्क्रिप्ट वापरा’ ही खूण चालू होती आणि पुढे एक पत्ता होता. तो पत्ता आमच्याच ग्रंथालयाच्या मागच्या खोलीतल्या, वर्षानुवर्षे झाकून ठेवलेल्या एका जुन्या संगणकाचा होता. ब्राउझरमध्ये तो लिहिल्याबरोबर एक फाइल उतरली. ती नोटपॅडमध्ये उघडली. चौदा ओळी. इंग्रजीतले ‘जर’ आणि ‘तर’ ओळखणाऱ्या कोणालाही वाचता याव्यात अशा. पत्ता घरातलाच असेल तर थेट जा. पत्ता विद्यापीठाचा असेल तर थेट जा. नाहीतर मागच्या खोलीतल्या मध्यस्थामार्फत जा. आणि त्या शेवटच्या ओळीच्या बाजूला, ती लिहिणाऱ्याने रोमन अक्षरांत मराठीत एक टीप सोडलेली: ‘तात्पुरते. नंतर बघू.’ फायलीवरचे साल २०१२.

हस्तलिखिताच्या समासात लेखनिकाचा एखादा उसासा सापडावा तसे मला झाले. पण उसाश्यात रमायला वेळ नव्हता. आता सगळे उलगडत होते. मागच्या खोलीतला संगणक चालू होता. त्यावर दोन कामे चालत असत: एक, ती फाइल मागेल त्याला देणे, दुसरे, मध्यस्थी. साठवणीच्या आणि नोंदींच्या फायलींनी त्याची डिस्क काठोकाठ भरली होती, आणि त्यामुळे मध्यस्थीचा कार्यक्रम, स्क्विड त्याचे नाव, बंद पडला होता. फाइल देण्याचे काम मात्र इमानाने चालू होते. म्हणजे वाट सांगणारा जागेवर होता, तो ज्या घराकडे बोट दाखवत होता त्या घरात कोणी उरले नव्हते. तो पूर्णच बंद पडला असता तर एक वेळ बरे झाले असते. फाइल मिळाली नाही की ब्राउझर सहसा थोडा वेळ वाट पाहून थेट निघून जातो. लिपिकांच्या फोनवर तेच तर झाले होते. मार्गदर्शक नसण्यापेक्षा, अर्धा जिवंत मार्गदर्शक असणे अधिक घातक ठरले.

उपाय एवढासा होता की सांगताना संकोच वाटतो. या फायलीच्या भाषेत एकाहून अधिक वाटा ओळीने देता येतात. पहिली चालली नाही तर दुसरी. दोहोंच्या मध्ये अर्धविराम घालायचा. कंत्राट संपलेल्या त्या तरुणाने फोनवरून, कसलीही बाकी न काढता, संकेतशब्द सांगितला आणि गणिताच्या सहकाऱ्यांनी शेवटच्या ओळीत एक अर्धविराम आणि एक शब्द घातला. मध्यस्थ, डायरेक्ट. मराठीच्या पेपरात ज्या चिन्हाच्या वापरावर अर्धा गुणही आपण धड देत नाही, त्याने एका कार्यालयाचा श्वास मोकळा केला. ब्राउझर जुनी फाइल स्मरणात धरून बसतात, त्यामुळे बदल करूनही काही घडत नाही असे वाटते. सगळे बंद करून पुन्हा उघडल्यावर चार वाजून गेल्यावर शिष्यवृत्तीचे पान समोर आले.

तोपर्यंत तीन मुली चारच्या बसने परत गेल्या होत्या. अर्ज पुन्हा सादर करायला विद्यार्थ्याच्या मोबाइलवर येणारा आकडा लागतो. दोघींना फोन लागला. तिसरीच्या घरी फोन एकच, तो वडिलांजवळ, आणि वडील कामावर. रात्रीपर्यंत लिपिक बसून होते. तिचा अर्ज तेवढा राहिला. पुढे मुदत वाढली आणि तोही गेला. मुदत वाढली नसती तर २०१२ साली कोणीतरी न घातलेल्या अर्धविरामाची किंमत एका मुलीने भरली असती, आणि तिला ती कशाची हे कधी कळलेही नसते. यंत्राच्या दोषांचे हेच आहे. ते ज्याच्या वाट्याला येतात त्याच्यापर्यंत कारण पोहोचत नाही. त्याच्यापर्यंत ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढे वाक्य येते.

या प्रकरणाने कुतूहल जागे झाले म्हणून मी पुढे ‘आपोआप शोधा’ या खुणेबद्दल वाचत गेलो, आणि तेथे जे कळले ते अधिक अस्वस्थ करणारे होते. आमच्या संगणकांना निदान एक ठरलेला पत्ता दिलेला होता. ही खूण असलेला संगणक मात्र जाळ्यात नुसती हाक देतो, आणि त्या जाळ्यातल्या कोणत्याही यंत्राने ‘मी सांगतो’ म्हटले तर त्याच्यावर विश्वास ठेवतो. पूर्वी तर घरात कोणी ओ दिली नाही की तो गावात, गावात नाही तर परगण्यात, असा वरवरच्या पत्त्यांवर विचारत जाई. पार वरचे ते नाव कोणी परक्याने नोंदवून ठेवले असेल तर संपूर्ण कार्यालयाची ये-जा त्याच्या हातून होऊ शके. मायक्रोसॉफ्टने २००८ च्या सर्व्हरपासून हे नाव विचारणाऱ्याला मुळातच उत्तर न देण्याची सोय केली, आणि २००९ मध्ये आणखी दुरुस्त्या आणल्या. तरी २०१२ मध्ये उघडकीस आलेल्या ‘फ्लेम’ या हेरगिरीच्या विषाणूने याच दारातून शेजारच्या संगणकांना आपण मध्यस्थ असल्याचे भासवले आणि त्यांच्या हाती विंडोजची बनावट अद्ययावती ठेवली. २०१६ मध्ये अमेरिकी शासनाच्या संगणक-सुरक्षा यंत्रणेने या नावाच्या गोंधळाविषयी जाहीर इशारा दिला. २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी दाखवले की, ही फाइल हे एक सूत्र असल्यामुळे, तिच्यामार्फत संगणकाचाच ताबा घेता येणे शक्य होते. बाद झालेल्या मसुद्याचे हे उत्तरायुष्य.

ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ज्ञानदेव आपल्या ग्रंथाविषयी सांगताना म्हणतात की आपण व्यासांच्या मागोमाग, भाष्यकारांना रस्ता विचारत आलो. मराठीच्या आद्य ग्रंथांतल्या या नम्र कबुलीवर आपण सर्वांनी कधी ना कधी व्याख्यान दिलेले आहे. पण त्या नम्रतेत एक चोखंदळपणाही आहे, तो या निमित्ताने मला नव्याने जाणवला. त्यांनी वाट विचारली, पण कोणाला विचारली हे सांगितले. जो भेटेल त्याला विचारली नाही. शिवाय भाष्यकारांना विचारीत असताना गीता समोर होतीच. मध्यस्थ होता, आणि मध्यस्थ गप्प झाला तर मूळापर्यंत जाण्याची वाटही खुली होती.

आपण, म्हणजे साहित्य शिकणारे आणि शिकवणारे, पुष्कळ वेळा मध्यस्थांच्याच आधारे जगतो, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. टॉलस्टॉय आपल्यातल्या बहुतेकांना अनुवादकाच्या हातूनच भेटला. जुने शिलालेख आपण संपादकाच्या डोळ्यांनी वाचतो. माझ्या वर्गातल्या मुलांसाठी तर मीच पहिला मध्यस्थ. प्रश्न मध्यस्थ असण्याचा नाही, त्याच्यापुढे अर्धविराम घातलेला आहे की पूर्णविराम, याचा आहे. गाईड वाचून परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्याला आपण नावे ठेवतो. पण एखाद्या फ्रेंच मीमांसकाचे मत इंग्रजी सारांशाच्या मराठी सारांशावरून उद्धृत करणारा शोधनिबंध त्याच रांगेतला असतो. त्या सारांशकाराने आपली डिस्क भरून कधीच काम थांबवलेले असू शकते, आणि तरी त्याच्या घराकडे बोट दाखवणारी तळटीप वर्षानुवर्षे इमानाने चालू राहते. मूळ कादंबरी ग्रंथालयात नाही, म्हणून विद्यार्थी गाईडाकडे जातो. ही वस्तुस्थिती आहे आणि तिच्यावर उपदेशाने इलाज होत नाही. ‘डायरेक्ट’ हा शब्द लिहून ठेवायचा तर त्या वाटेच्या टोकाला पुस्तक असावे लागते. लहान गावातल्या महाविद्यालयांत हे दुसरे काम पहिल्यापेक्षा अवघड आहे.

असो. आमच्या कार्यालयापुरते सांगायचे तर, मागच्या खोलीतल्या संगणकाला आम्ही सन्मानाने निवृत्त केले. सहाही ठिकाणची ‘सेटअप स्क्रिप्ट’ आणि ‘आपोआप शोधा’ या दोन्ही खुणा काढून टाकल्या. केल्या कामाचा एक कागद मराठीत लिहून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस डकवला: काय होते, काय बदलले, का बदलले, पुन्हा असे झाले तर कोठून पाहायला सुरुवात करायची. ‘नंतर बघू’ लिहिणाऱ्याचा मला राग नाही. त्याने निदान लिहून तरी ठेवले, म्हणून ती ओळ तात्पुरती आहे हे आम्हांला कळले. पुढच्या माणसासाठी चार वाक्ये लिहून ठेवणे हेही एक प्रकारचे संपादनच आहे.

माझ्या व्यवसायबंधूंना एवढीच विनंती की, आपापल्या विभागातल्या संगणकावरचे ते पान एकदा उघडून पाहावे. तेथे एखादा पत्ता लिहिलेला असेल तर त्याने बोलावलेली फाइल वाचून पाहावी. ती फार तर पंधरावीस ओळींची असते, आणि तिची शेवटची ओळ कशी संपते हे पाहायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही.